मुधोळ कुत्रीला खाऊऐवजी चेंडूचे बक्षीस द्यावे का?

प्रश्न (राजारामपुरी)
नमस्कार. आमची मुधोळ हाउंड जातीची कुत्री आठ महिन्यांची आहे. घरात चिकनच्या तुकड्यासाठी ती सांगाल ते करते. परंतु मैदानावर नेल्यावर तोच तुकडा नाकाशी धरला तरी तोंड फिरवते आणि दूरवरच्या टिटवीकडे टक लावून उभी राहते. चेंडू फेकला की मात्र त्यावर तुटून पडते आणि तो घेऊन लांब पळते. हाक मारल्यावर परत येण्याची सवय चेंडूच्या आमिषावर लावता येईल का?

उत्तर १ (कळंबा)
अवश्य लावता येईल. मुधोळ हा नजरेने सावज हेरून त्याच्यामागे धावणारा कुत्रा असल्याने, मोकळ्या जागेत त्याला खाऊपेक्षा पाठलागच अधिक मोलाचा वाटतो. तिला लांब दोरी बांधा, मात्र ती गळपट्ट्याला न बांधता छातीच्या पट्ट्याला बांधा. हाक मारल्यावर ती आपल्या दिशेने वळली की त्याच क्षणी शाबासकी देऊन चेंडू आपल्या पाठीमागे फेका, म्हणजे आपल्याकडे धावत येणे हाच तिच्या खेळाचा भाग होईल. एकसारखे दोन चेंडू ठेवा. पहिला तोंडातून पडताच ‘सोड’ म्हणून दुसरा फेकावा. तिच्यामागे मात्र कधीही धावू नका, कारण मग चेंडू घेऊन पळण्यातच तिला गंमत वाटू लागते. सराव संपला की दोन्ही चेंडू कपाटात ठेवावेत. दिवसभर घरात लोळणाऱ्या खेळण्याचे कुत्र्याला अप्रूप राहत नाही.

उत्तर २ (ताराबाई पार्क)
वरील सल्ला परत बोलावण्यापुरता योग्य आहे. तथापि ‘बस’ आणि ‘थांब’ शिकवताना खाऊच बरा, कारण चेंडू दिसताच कुत्रा उत्तेजित होतो आणि जागेवर स्थिर राहणे त्याला अवघड जाते. चेंडू घशात अडकणार नाही एवढा मोठा असावा. टेनिसच्या चेंडूवरील लवेत वाळू अडकून दात झिजतात, म्हणून तो सतत चघळू देऊ नये. सुती दोरीचे धागे गिळल्यास आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. आणि आपल्या कोल्हापुरात हे सांगायलाच हवे की जुनी चप्पल खेळायला देऊ नका. जुनी कोणती आणि कालच घेतलेली कोणती, हे तिला कळत नाही. एप्रिल-मेमध्ये हा खेळ ऊन चढण्यापूर्वीच आटोपावा, कारण कुत्र्याचे शरीर मुख्यतः धापा टाकूनच थंड होते आणि खेळाच्या भरात तो स्वतःहून थांबत नाही.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. दुसरा चेंडू दाखवूनही तिने पहिला सोडला नाही, तर काय करावे?

उत्तर १
तिच्याकडे पाहूही नका. दुसरा चेंडू स्वतःच उडवत, झेलत राहा. बहुतेक वेळा ती पहिला टाकून जवळ येते. तरीही आली नाही, तर दोरी हळूहळू गुंडाळत तिला जवळ घ्या आणि चेंडूच्या बदल्यात खाऊ द्या. जबडा उघडून चेंडू ओढून काढणे मात्र टाळा.