भाऊ ब्राउन शुगरवर आहे. गावाला ठेवून सुटेल, सेंटरला टाकू, की डॉक्टरांची गोळी सुरू करू?

मोठी_ताई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय आणि त्यासाठी आयडी पण नवा काढलाय, कारण तुम्ही समजून घ्याल. माझा धाकटा भाऊ, वय २४, दीड-दोन वर्षं ब्राउन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, ओढतोय हे आम्हाला मागच्या गणपतीत कळलं. म्हणजे त्याआधी दिसत सगळं होतं पण कळत नव्हतं, तास तास बाथरूममध्ये बसणं, काळे पडलेले चंदेरी पन्नीचे तुकडे, बाबांच्या पाकिटातले पैसे, मग आईची एक बांगडी. आम्हाला वाटायचं मुलीबिलीचं काहीतरी असेल. इंजेक्शन घेत नाही, पन्नीवरच ओढतो असं तो सांगतो.

दोनदा घरच्या घरी सोडवून झालंय. पहिल्यांदा आईने खोलीत ठेवलं, बाहेरून कडी. ते चार दिवस मी विसरू शकत नाही, उलट्या, जुलाब, अंगावर काटा, सारख्या जांभया, पाय भिंतीवर आपटत होता. पाचव्या दिवशी भात खाल्ला आणि आम्हाला वाटलं सुटला. बाराव्या दिवशी परत. दुसऱ्यांदा मामाकडे रत्नागिरीला दीड महिना ठेवला, तिथे एकदम छान होता, बागेत काम करायचा, वजन वाढलं. मुंबईला आला आणि आठवड्याच्या आत मित्राच्या घरी बेशुद्ध, ओठ निळे. मित्राने घाबरून पळ काढला नाही, रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं म्हणून आज आहे.

आता घरात तीन मतं आहेत. बाबांना कोणीतरी एक सेंटर सांगितलंय, ते रात्री गाडी घेऊन येतात आणि उचलून नेतात, सहा महिने ठेवतात, फोन नाही भेट नाही. सरकारी हॉस्पिटलमधले डॉक्टर म्हणाले जिभेखाली ठेवायची गोळी सुरू करू, वर्षभर किंवा जास्तही चालेल. आणि काका म्हणतात गोळी म्हणजे एक व्यसन सोडून दुसरं लावून घेणं, त्यापेक्षा कायमचा गावाला पाठवा. माझा पगार २८ हजार आहे, बाबा रिटायर, त्यामुळे खर्चाचाही विचार करावाच लागतो. पोलिसांचीही भीती वाटते. कोणाला खरा अनुभव असेल तर प्लीज सांगा.

अकरा_वर्षं

ताई, मी गर्दुल्ला होतो. लोक हा शब्द शिवीसारखा वापरतात म्हणून मीच आधी लिहून टाकतो. नऊ वर्षं ओढली, आता अकरा वर्षं झाली बंद आहे.

तुमच्या भावाने दोनदा टर्की (माल बंद केल्यावर होणारा तो सगळा त्रास) काढलीय, म्हणजे त्याच्यात हिंमत नाही असं घरात कोणी म्हणत असेल तर थांबवा. मी स्वतः मोजून सात वेळा घरी टर्की काढली. लोकांना वाटतं ते पाच-सहा दिवस पार पडले की झालं, पण शरीरातला माल निघतो आणि डोक्यातला तसाच राहतो. महिन्याभराने साधा पावसाळी वास आला, किंवा ज्या पुलाखाली पुडी मिळायची तिथून बस गेली, तरी पोटात गोळा यायचा आणि जांभया सुरू व्हायच्या, अंगात काही नसताना. म्हणून गावाला तो छान होता. तिथे तो पूल नव्हता. पण कायम मामाच्या बागेत कसा राहील, कधीतरी परत येणारच ना.

माझं सुटलं ते पुण्यात मुक्तांगणला. येरवड्याला आहे, १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, पुलंनी त्यासाठी मदत दिली होती. गर्दची, म्हणजे ब्राउन शुगरची, साथ मुंबई-पुण्यात आली तेव्हाचीच गोष्ट आहे ती. ३५ दिवसांचा कोर्स, मारहाण नाही, कोंडणं नाही, सकाळी योगा, गटात बोलणं, कामं वाटून घेणं, आणि मुख्य म्हणजे तिथे समोर बसून समजावणारा माणूस स्वतः त्यातून गेलेला असतो, त्याला तुम्ही थाप मारू शकत नाही. घरच्यांसाठीही वेगळं बसवतात. बाहेर पडल्यावर फॉलोअप आणि नार्कोटिक्स ॲनॉनिमस म्हणजे व्यसनातून सुटणाऱ्यांच्याच गटाच्या मीटिंगा, पहिली दोन वर्षं मी रोज एक मीटिंग केली, रविवारी दोन. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरांचं कृपा फाउंडेशन आहे, १९८१ पासून, तेही चौकशी करून बघा.

गोळी मी घेतली नाही, त्यामुळे माझं मत विचाराल तर नशेच्या जातीचं काहीही शरीरात नकोच. बाकी जाणकार सांगतील.

वॉर्डातली_सिस्टर

मी सरकारी हॉस्पिटलच्या व्यसनमुक्ती ओपीडीत १४ वर्षं काम करते. जरा सविस्तर लिहिते, रात्रपाळीवर आहे आणि वॉर्ड शांत आहे.

मोठी_ताई, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ मध्येच येऊन गेलीय, गावाहून आल्यावर आठवड्यात बेशुद्ध, ओठ निळे. तो ओव्हरडोस होता आणि तो योगायोगाने झालेला नाही. रोज ओढणाऱ्या माणसाच्या शरीराला त्या डोसची सवय झालेली असते. दीड महिना बंद ठेवला की ती सवय उतरते, पण हात मात्र जुन्याच मापाने घेतो. मेंदू श्वास घ्यायचं विसरतो. आमच्याकडे जे पेशंट गेले त्यातले बरेचसे रोज ओढत होते तेव्हा गेले नाहीत, गावाहून, जेलमधून, किंवा उपचारानंतर औषध न घेता घरी गेल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गेले. म्हणून नुसतं माल अंगातून काढायचा आणि घरी पाठवायचं, हे मला अजिबात सुरक्षित वाटत नाही.

आता गोळीबद्दल. ती ब्युप्रेनॉर्फिन, बहुतेक वेळा नॅलोक्सोनबरोबर एकत्र असते, म्हणजे कोणी विरघळवून टोचली तर नशा व्हायच्या ऐवजी टर्की लागते. जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही. मेंदूत ज्या जागी ब्राउन शुगर जाऊन बसते त्याच जागी ती बसते, पण अर्धवट काम करते, त्यामुळे टर्की लागत नाही, तलफ बसते आणि एका मर्यादेनंतर डोस वाढवला तरी श्वासावरचा परिणाम तेवढ्या प्रमाणात वाढत नाही. तिचा परिणाम दिवसभर टिकतो, म्हणून दिवसातून चारदा पैसे शोधायला पळायचं बंद होतं. पण एक लक्षात ठेवा, पहिली गोळी टर्कीची लक्षणं नीट दिसायला लागल्यावरच द्यायची असते, शेवटचं ओढल्यानंतर साधारण १२ ते २४ तासांनी. लवकर दिली तर तीच टर्की आणते, आणि मग पेशंट म्हणतो मला गोळी सूट होत नाही. ही मेडिकलमधून आणून घरी सुरू करायची गोष्ट नाही, हॉस्पिटलमधूनच किंवा परवाना असलेल्या केंद्रातूनच मिळते. सरकारी ठिकाणी फुकट आहे.

दुसरं औषध नॅल्ट्रेक्सोन, रोज एक गोळी, नशा होऊच देत नाही. पण आधी ७ ते १० दिवस पूर्ण बंद हवं आणि घरातल्या कोणीतरी रोज समोर द्यायला हवी, नाहीतर पेशंट चार दिवसांत सोडतो. आणि हात जोडून सांगते, भिंतीवर आणि फोनवर त्या जाहिराती येतात ना, नकळत जेवणात मिसळा आणि व्यसन सोडवा, त्यातलं काहीही आणू नका. ओढत असलेल्या माणसाच्या पोटात चुकून नॅल्ट्रेक्सोनसारखं औषध गेलं तर जी टर्की लागते ती घरी सांभाळण्यासारखी नसते.

तो झोपेच्या गोळ्या, म्हणजे मुंबईत ज्याला बटन म्हणतात, किंवा दारू बरोबर घेतो का ते शांतपणे विचारा. हे एकत्र झालं की श्वास थांबायची भीती फार वाढते. आणि एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सी यांची तपासणी करून घ्या, तो सुई घेत नाही म्हणाला तरी. हेपटायटिस सीचं औषध सरकारी योजनेत फुकट आहे आणि आजार पूर्ण बरा होतो.

परत कधी बेशुद्ध दिसला, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकासारखी बारीक, श्वास घोरल्यासारखा किंवा थांबून थांबून, तर १०८ ला फोन, कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका, श्वास थांबला असेल तर तोंडाने द्या. मिठाचं पाणी, दूध, थंड पाण्याची बादली यातलं काही नको. हॉस्पिटलमध्ये मालाचा परिणाम उतरवणारं नॅलोक्सोनचं इंजेक्शन असतं, आणि काय घेतलंय ते डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.

पोलिसांचं म्हणाल तर अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यातच कलम ६४ए आहे, स्वतःहून उपचाराला आलेल्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा थोड्याशा मालाच्या केसमधून त्यात संरक्षण मिळतं. उपचाराला आला म्हणून आम्ही कोणाचं नाव पोलिसांना कळवत बसत नाही.

ठाणेकर_काका

मी पण कोणाचा तरी काका आहे म्हणून ताईंच्या काकांची बाजू मांडतो. सिस्टर, तुमचा अनुभव मान्य, पण सामान्य माणसाला प्रश्न पडतोच की वर्ष वर्ष गोळी चालू आणि ती बंद केली की त्रास, मग सुटलं काय? पोरगं घरात बसून रोज जिभेखाली गोळी ठेवतंय हे आईबापाने कसं बघायचं.

वॉर्डातली_सिस्टर

काका, प्रश्न चांगला आहे, रोज कोणीतरी विचारतं. गोळीची शरीराला सवय लागते, खरं आहे, म्हणून ती एकदम बंद करत नाहीत, महिनोन् महिने हळूहळू कमी करतात. पण मी बघते ते सांगते. मार्केटमध्ये हमाली करणारा एक पेशंट आहे, पहाटे गोळी घेऊन कामाला जातो, पाचवं वर्ष चालू आहे. आधी बायको त्याच्याकडून फक्त मारच खात होती, आता मुलीच्या फीची पावती मला आणून दाखवतो. चोरी नाही, पन्नी नाही, पुडीवाल्याची उधारी नाही. व्यसन म्हणजे माणूस त्या वस्तूसाठी बाकी सगळं सोडतो. हा सगळं परत धरतोय. गोळी कधी कमी करायची ते तो आणि डॉक्टर ठरवतील, घाईने बंद केलेले आमच्याकडे फार वेळा परत येतात, आणि काही येत नाहीत.

अकरा_वर्षं

सिस्टरांचं शेवटचं वाक्य वाचून थांबलो. माझ्या बॅचमधले आम्ही पाच जण खूप जवळचे होतो. त्यातले दोघं गेले, दोघंही बरेच महिने क्लीन राहून मग एकदाच ओढली तेव्हा. मी त्याला नशीब म्हणत आलो. कोणी आम्हाला गोळीचं सांगितलंच नव्हतं तेव्हा. वरचं माझं मत मागे घेतो, ताई. तुमच्या भावाचा ओव्हरडोस होऊन गेलाय, त्याने गोळी घ्यावी आणि मीटिंगलाही यावं. कोणी मीटिंगमध्ये गोळीवरून टोकलं तर दुसरी मीटिंग शोधा, शहरात भरपूर आहेत.

कल्याणची_आई

रात्री उचलून नेणाऱ्या सेंटरबद्दल मला लिहायलाच हवं. आम्ही मुलाला असं पाठवलं होतं, नाव घेत नाही. चार माणसं आली, मी स्वतः दार उघडलं, तो माझ्याकडे बघून ओरडत होता. टर्कीत डॉक्टर नाही, पहिले तीन दिवस खाटेला बांधून. चौथ्या महिन्यात भेटू दिलं तेव्हा मनगटावर वळ होते. सुटून आल्यावर त्याने ओढली नाही तीन आठवडे, पण माझ्याशी बोललाही नाही, आणि मग ओढलीच. त्या दाराचं मला अजून स्वप्न पडतं.

नंतर कळलं की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनही येतं, साखळीने बांधायला सरळ बंदी आहे, आणि माणूस स्वतः तयार नसेल तर दाखल करायलाही डॉक्टरांची तपासणी लागते, मुदत असते, कोणीही गाडी घेऊन येऊन सहा महिने ठेवू शकत नाही. कुठेही पाठवण्याआधी विचारा, नोंदणी आहे का, सायकिॲट्रिस्ट कधी येतो, रात्री कोण असतं, घरच्यांना पहिल्या आठवड्यात भेटू देता का, औषधं कोणती देता. फोनवर ज्याला ही उत्तरं द्यायला राग येतो तिथे जाऊ नका.

आणि घरात एक करा, त्याची उधारी भरू नका पण जेवायला वाढणं थांबवू नका. मी उलट केलं होतं. आता माझा मुलगा दीड वर्षं गोळीवर आहे, कुरिअरचं काम करतो. मधे एकदा घसरला, दुसऱ्या दिवशी स्वतःच सांगितलं, आम्ही ओपीडीला गेलो, गोळी वाढवली, संपलं.

मोठी_ताई

सगळ्यांचे खूप खूप आभार, उत्तरं वाचताना दोनदा रडले. बाबांना कल्याणच्या आईंची पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली, ते काही बोलले नाहीत पण सेंटरवाल्याचा नंबर फाडून टाकला. काकांशी अजून बोलायचंय. १४४४६ वर फोन केला, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि जवळची ठिकाणं सांगितली, तुमच्यापैकी कोणाला लागला तर म्हणून नंबर इथे ठेवते. सोमवारी ओपीडीला जातोय, त्याच डॉक्टरांकडे. ऑफिसात अर्धा दिवस सुट्टी टाकलीय.

भावालाही मोबाइल दिला हा धागा वाचायला. बराच वेळ वाचत होता. मग फक्त एवढंच विचारलं की टर्कीत पाय फार दुखतात, झोप लागत नाही, त्याला तिथे काही देतात का. मला उत्तर माहीत नव्हतं.

वॉर्डातली_सिस्टर

देतात. पायांना, पोटाला, झोपेला, सगळ्याला देतात, आणि गोळी बसली की बरंचसं त्याआधीच थांबतं. त्याला सांगा रविवारी शेवटचं कधी ओढलं ती वेळ कागदावर लिहून आण, खरी वेळ, रागावणार कोणी नाही, पहिली गोळी कधी द्यायची ते त्यावर ठरतं. आणि बरोबर तुम्ही या, लाइन मोठी असते, त्याला एकट्याला बसवलं तर तो उठून जाईल.