हॉर्टन प्लेन्स: धुक्याआधी वर्ल्ड्स एंडला पोचायचं तर किती वाजता निघावं?

रानवाट_४११:
जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात श्रीलंका. नुवारा एलियात दोन रात्री, त्यातली एक सकाळ हॉर्टन प्लेन्स राष्ट्रीय उद्यानासाठी, तिथला वर्ल्ड्स एंड हा कडा बघायला. आम्ही पाच जण. त्यात आठ वर्षांची मुलगी आणि गुडघे दुखणारे ६८ वर्षांचे बाबा. कँडीहून ट्रेनने ओहियाला उतरून वर जाता येतं असं वाचलं. ट्रेन बरी की गाडी? पूर्ण फेरी बाबांना झेपेल का? आणि स्वेटर पुरेल की जाड जॅकेट लागेल?

कडेलोट:
ट्रेनचा विचार सोडा. म्हणजे प्रवास म्हणून कराच, पण उद्यानासाठी नको. कँडीहून सकाळी निघणारी गाडी ओहियाला पोचेपर्यंत दुपार होते. तिथून वर आणखी ११ किमी चढाचा रस्ता. तोवर कडा ढगात बुडालेला असतो.

कारण साधं आहे. वर्ल्ड्स एंडला पठार एकदम तुटतं आणि खाली साधारण ८७० मीटरची दरी. रात्रभर दरीत गार हवा बसून असते. ऊन चढलं की तीच दमट हवा कड्याला चिकटून वर सरकते, वर येऊन गार होते आणि तिचा ढग होतो. कोकणकड्यावर पावसाळ्यात जे दिसतं तेच, फक्त इथे जवळजवळ रोज, अगदी कोरड्या महिन्यांतही. नऊच्या पुढे भरवसा धरू नका, दहाला बहुधा पांढरा पडदा.

म्हणून उलटा हिशेब करा. नुवारा एलियाहून उद्यान साधारण ३२ किमी, अरुंद वळणांचा रस्ता, एक तास धरा. फाटक सहाला उघडतं. पाचला निघा, सहाला रांगेत उभे राहा. तिकीट, सामानाची तपासणी आणि फार इनपर्यंतची (पायवाट सुरू होते ती जागा) गाडी धरून चालायला पावणेसात होतात. मग आठ-सव्वाआठला कड्यावर. व्हॅन आदल्या संध्याकाळीच ठरवा, आणि ठरवताना 'हॉटेलातून पाचला बाहेर' असं स्पष्ट बोला. 'सहाला पोचायचंय' म्हटलं की चालक साडेपाचला उगवतो. पासपोर्ट आणि श्रीलंकन रुपयांत रोकड जवळ ठेवा, परदेशी लोकांचा दर वेगळा असतो.

शनिवार-रविवार आणि पोया, म्हणजे पौर्णिमेची सुट्टी, टाळा. वाटेवर माणसांची माळच लागते.

दगडफूल:
बाबांबद्दल. फेरी सुमारे साडेनऊ किलोमीटरची, आरामात साडेतीन तास. उंची २,१०० ते २,३०० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून साडेचारशे मीटर तरी वर. चढावर दम लागतो, पण विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. खरी अडचण वाटेची आहे. सुरुवातीचं गवताळ पठार सौम्य आहे, पुढे जंगलात पावसाने धुपलेल्या घळी, उघडी मुळं, सुटे दगड. बेकर्स फॉल्सकडे उतरणारा टप्पा गुडघ्यांसाठी सगळ्यात वाईट: उंच पायऱ्या, बारमाही ओलावा. आणि हे सगळं बघायचं काय, तर २० मीटरचा धबधबा. जानेवारीअखेर त्यात पाणीही बेताचंच.

पण त्याआधीच फाटा लागतो. तिथली पाटी वाचून मिनी वर्ल्ड्स एंडची, म्हणजे अलीकडच्या धाकट्या कड्याची, बाजू आधी धरा. बरेच जण धबधब्याच्या बाजूने शिरतात आणि कड्यावर पोचेपर्यंत धुकं आलेलं असतं. बाबांनी मिनीपर्यंत जाऊन त्याच वाटेने परतावं. तिथला कडाही तीनेकशे मीटरचा आहे, काही गमावल्यासारखं वाटणार नाही. सोबत एक जण आणि काठी हवी. बाकीच्यांनी पुढे दोनेक किलोमीटर वर्ल्ड्स एंड, मग धबधब्यावरून फेरी पूर्ण करावी. मोबाईलला रेंज धरून चालू नका, भेटायची जागा आधी ठरवा: फार इनचं कॅन्टीन.

मुलीचा हात कड्याजवळ सोडू नका. काठावर गवत वाढलेलं असतं, त्यामुळे जमीन कुठे संपते ते कळत नाही. दवाने दगडही निसरडे. फोटोसाठी मागे सरकणं हा तिथला सर्वात वाईट खेळ आहे.

रानवाट_४११:
म्हणजे बाबांपुरतं मिनीच. कपड्यांचं आणि खाण्याचं? आमच्याकडे खाकरा, चिवडा, बिस्किटं असतील.

करवंद:
जाड जॅकेट नको, थर हवेत. जानेवारी-फेब्रुवारीत पहाटे पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो, कधी गवतावर हिमकणही दिसतात. नऊ वाजता तुम्ही घामाघूम. सुती शर्ट, त्यावर स्वेटर, वर वारा अडवणारं पातळ विंडचीटर. कानटोपी फक्त पहिल्या तासापुरती, नंतर काठाची टोपी. गारव्यात लक्षात येत नाही, पण विषुववृत्तापासून जेमतेम सात अंशांवर आहात आणि पठारावर सावली नाही. मानेची मागची बाजू हमखास भाजते.

खाण्याचं नीट ऐका. प्रवेशाजवळ पिशव्या उघडून तपासतात आणि पातळ प्लास्टिक काढून घेतात. बिस्किटांचं वेष्टन फाडून बिस्किटं कागदात बांधून देतात, पाण्याच्या बाटलीचं लेबलसुद्धा सोलून काढतात. हा जाच नाही, तिथली सांबरं पिशव्या गिळतात. खाकरा, चिवडा हॉटेलातच स्टीलच्या डब्यात भरा, रांगेतला वेळ वाचेल. वाटेवर खायला काही मिळत नाही. माणशी एक लिटर पाणी पुरे. ओढ्याचं पिऊ नका.

सांबरं फार इनच्या वाहनतळावर अगदी अंगाशी येतात. डबा उघडून तिथे बसू नका. मोठ्या नराने मान वळवली तरी मुलीच्या तोंडाच्या उंचीला शिंग येतं.

अरेंगा:
एक भर. सगळे कड्याकडे पळतात आणि पठार तसंच राहून जातं. पट्टिपोला बाजूने, म्हणजे नुवारा एलियाकडून, वर येताना रस्त्यालगत अरेंगा पूल नावाचं डबकं आहे. श्रीलंकेचा शीळकरी कस्तूर हा पक्षी, ज्याचं जुनं शास्त्रीय नाव अरेंगा, तिथे पहाटे अंधुक उजेडात बाहेर येतो. ऊन पडलं की झुडपात गुडूप. पण हा थांबा आणि निरभ्र कडा एकाच सकाळी साधणं अवघड, एक काय ते निवडा. बुरांशाची (ऱ्होडोडेंड्रॉनची) लाल फुलं शोधू नका, जानेवारीत फार तर तुरळक.

आणि कडेलोटदादांनी ट्रेनचं सांगितलंच आहे. नुवारा एलियातला मुक्काम त्याच दिवशी संपत असेल तर सामान व्हॅनमध्येच घ्या, उतरताना ओहियाकडून उतरा आणि तिथून दुपारची ट्रेन पकडून एल्लाला जा. पट्टिपोला हे १,८९१ मीटरवरचं, देशातलं सर्वात उंच स्टेशन आहे, पण एल्लासाठी ओहियाच सोयीचं. आदल्या दिवशी नुवारा एलियाजवळच्या नानु ओया स्टेशनवर ट्रेनची वेळ विचारून ठेवा, पावसाने दरड पडली की हा मार्ग बंद असतो.

दगडफूल:
ओहियाकडून उतरणार असाल तर ते चालकाला भाडं ठरवतानाच सांगा. तो बहुतेक पट्टिपोलावरूनच जायचं-यायचं धरून बसलेला असतो, आणि फार इनला उभं राहून घासाघीस करण्यात ट्रेन जाते.