मदत हवी आहे : येझदीचा धूर आणि बोअरचा प्रश्न

मंडळी, नमस्कार. माझी पहिली गाडी म्हणजे येझदी २५० ही टू-स्ट्रोक मोटरसायकल, कोल्हापुरात कॉलेजला असताना सेकंडहँड घेतलेली. किक आणि गिअर एकाच दांडीत असलेली ही गाडी ज्यांनी चालवलीय, त्यांना जास्त सांगायला नको. मित्राला चालवायला दिली की तो किक शोधत बसायचा! आणि दोन सायलेन्सरचा तो आवाज... आई गल्लीच्या तोंडाशी ऐकूनच ताट वाढायला घ्यायची.

म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तरी गाडी मी विकली नाही. बरीच वर्षं गोठ्यात उभी होती, आता पुन्हा चालू केलीय. चालते, पण पांढरा धूर खूप, आयडलिंगला रेस आपोआप वरखाली होते आणि गिअर ऑइलही कमी होतंय. आमचे मिस्त्री म्हणतात, बोअर करून (म्हणजे सिलिंडर आतून थोडा मोठा करून) पिस्टन बदला. मला वाटतं क्रँकचं ऑइल सील (गिअर ऑइल इंजिनात जाऊ न देणारी रबरी रिंग) वाळलं असावं आणि इंजिन तिकडूनच ऑइल ओढतंय.

इंजिन पूर्ण न फोडता सील बदलता येतं का? पेट्रोलमध्ये टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल किती घालता? पुणे-सातारा-कोल्हापूर पट्ट्यात जुन्या येझदीचा जाणकार मिस्त्री असेल तर कृपया सुचवा. टाकीचं क्रोम नंतर बघू.

'२०२२ ला नवी येझदी आलीय, ती घे' हा सल्ला घरून रोज मिळतो. चांगली असेलही, पण फोर-स्ट्रोक आहे हो ती!