लिफ्टआधी टायर बघा

दापोलीच्या घरी जायला महिंद्रा थारला दोन इंची लिफ्ट (सस्पेन्शन उंच करणारं किट) आणि २४५/७५ आर १६ मापाचे टायर काढून २६५/७५ आर १६ मापाचे मोठे टायर घालू का, असं एकाने विचारलंय. माझं मत: आधी नुसते टायर घाला.

थारचा मागचा अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा दांडा, अखंड आहे. लिफ्टने बॉडी उचलते, पण अ‍ॅक्सलवरचा डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा) होता तिथेच. त्याला उचलतो फक्त मोठा टायर, तोही किती? टायरचा व्यास साधारण ३० मिमीने वाढतो, म्हणजे जमिनीपासून जेमतेम १५ मिमी. आणि सड्यावरच्या (कोकणातल्या खडकाळ माळावरच्या) जांभ्याच्या उंचवट्याला अडकतो तो हा डिफरन्शियलच!

मोठ्या टायरने स्पीडोमीटरही चार टक्क्यांच्या आसपास कमी दाखवतो. काट्यावर ८० म्हणजे खरे ८३. पिकअप जडावतो, कुंभार्लीच्या चढाला लगेच कळतं. गॅरेजमधून गाडी घेण्याआधी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवून बघा. माझा टायर आतल्या प्लास्टिकला घासून खर्र वाजायचा, आणि हे मला कळलं ते बोंडल्यात, चिखलात!

लिफ्ट केलीच तर अलाइनमेंट करून घ्या आणि बोल्ट महिन्याभराने पुन्हा आवळा. खारी हवा नव्या ब्रॅकेटलाही सोडत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांना आडवं येतं, विमा कंपनीला आधी विचारा.

वाळूसाठी लिफ्ट तर नकोच. हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवा, डांबरावर येताच परत भरा. आणि किनाऱ्यावर गाडी घालायची परवानगी आहे का, ते गावात विचारून मगच.