जिव्हाळ्याबरोबर उद्दिष्टही जुळायला हवे
समुपदेशक आपुलकीने ऐकून घेणारा असला की निम्मे काम झाले, हे मत मला मान्य आहे. मात्र अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये मांडल्याप्रमाणे, समुपदेशक आणि त्याच्याकडे येणारी व्यक्ती यांच्या नात्यात जिव्हाळ्याइतकेच उद्दिष्टांवर आणि त्यासाठी करायच्या कृतींवर दोघांचे एकमत असणेही आवश्यक असते.

माझ्या बहिणीला परीक्षेच्या धास्तीने झोप लागत नव्हती, आणि समुपदेशक बाई, अगदी मायेने, तिच्या बालपणाविषयीच विचारत राहिल्या. वडीलधाऱ्यांना उलट बोलू नये हा संस्कार इथे फार आड येतो. त्यामुळे नाराजी न सांगताच तिने जाणे थांबवले. पुढच्या समुपदेशकांना तिने पहिल्याच भेटीत आपली अपेक्षा स्पष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी झोपेच्या रोजच्या नोंदींपासून सुरुवात केली.