हजार माणसांचं रिसेप्शन, पण स्टेज नको: तासगावकडच्या लग्नासाठी मदत हवी आहे

तासगावची_लेक

नमस्कार मंडळी,

येत्या एप्रिलच्या शेवटी माझं लग्न आहे. माहेर तासगाव तालुक्यात, सासर मिरजेला, आणि आम्ही दोघं नोकरीला पुण्यात. तारीख द्राक्षबागेनं ठरवली. जानेवारी ते मार्च माल उतरवायची धांदल, त्यातच शेडवर बेदाणा, पाठोपाठ खरड छाटणी. ते सगळं उरकल्याशिवाय आप्पांना आणि आमच्या निम्म्या भावकीला मान वर करायला सवड नसते.

सकाळचं लग्न आमच्या मनासारखं ठरलंय. घरापुढं मांडव, दोन्हीकडची मिळून दीडशे माणसं, मोजके विधी, आणि प्रत्येक विधीचा अर्थ गुरुजी मराठीत सांगणार. मी आजीचं इरकल नेसणार आहे, त्यावर नवीन खणाचा ब्लाउज. मांडवाला आंब्याचे डहाळे, केळीचे खुंट आणि मोगरा, एवढंच. पाहुणे येत असताना तासभर सतार वाजेल. मिरजेत सतारी घडतात, तिथल्या घरात मी जाणार, मग डीजे कशाला?

मदत हवी आहे ती संध्याकाळसाठी. रिसेप्शन आमच्या रानात आहे आणि नऊशे ते हजार माणूस येईल. हा आकडा कमी करा, असं कृपया सुचवू नका. आप्पांनी वर्षानुवर्षं गावातल्या प्रत्येक लग्नात आहेर केलाय, त्याची वही घरात आहे. २०१९ च्या पुरात सांगलीची आत्या सगळं बिऱ्हाड घेऊन आमच्याकडं आली तेव्हा शेजारच्या घरांतून भाकरी-कालवण येत होतं, कुणाला सांगावं लागलं नाही. ही माणसं जेवायला येणारच, आणि मला ती हवीच आहेत.

मला नको आहे ते स्टेजवरचं उभं राहणं. सोफ्यापुढं तीन तास उभं राहायचं, खाली रांग, प्रत्येकानं पाकीट द्यायचं, फोटोग्राफर म्हणणार "इकडं बघा", की पुढचा माणूस. मला लहानपणापासून ओळखणारी बाई रांगेत अर्धा तास थांबणार आणि तिच्या वाट्याला मी दोन सेकंद येणार. दुसरं म्हणजे माईक. आमच्याकडं मान्यवरांचं स्वागत सुरू झालं की टॉवेल-टोपी, फेटे, शुभेच्छांची भाषणं, आणि वऱ्हाड ताटकळत बसतं. कुणाचाही अपमान न करता हे टाळता येईल का?

माझ्या डोक्यात असं आहे की स्टेज काढूनच टाकावं, पंगती बसवाव्यात आणि आम्ही दोघांनी प्रत्येक पंगतीत गोड वाढत फिरावं. म्हणजे प्रत्येक माणसापुढं आम्ही एकदा तरी जाऊ. हजार माणसांत हे निभेल का? की नुसता गोंधळ होईल? जेवणात बासुंदी आणि कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत असावं असं आईच्या मनात आहे. पाहुण्यांना जाताना खणाच्या छोट्या पिशवीत आमचा बेदाणा आणि सांगलीची हळद द्यायची आहे. आहेर आणू नये असं पत्रिकेत छापावं का, यावर घरात रोज वाद आहे.

ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

काळं_रान

ताई, अभिनंदन. आमच्या धाकट्या बहिणीचं असंच रानात केलं होतं, म्हणून आधी जमिनीचं सांगतो. रान काळं आहे का? एप्रिलच्या शेवटी वळीव कधीही येतो. अर्ध्या तासाचा पाऊस झाला तरी काळ्या रानात चारचाकी रुतते आणि मग ट्रॅक्टर लावून गाड्या ओढाव्या लागतात. गाड्या लावायची जागा आणि मांडवापर्यंतची वाट एवढ्या भागात आधीच मुरूम टाकून रोलर फिरवा. मांडववाल्याला कापडी छत नको, पत्र्याचा किंवा ताडपत्रीचा मांडव सांगा आणि दोऱ्या वाऱ्याच्या बाजूनं दुप्पट. जनरेटर एक चालू आणि एक राखीव. बायकांसाठी फिरती स्वच्छतागृहं पुरेशी ठेवा, पाण्याचा टँकर त्यांच्याजवळ उभा राहील अशी जागा सोडा. रानातल्या लग्नात सगळ्यात जास्त हाल तिथंच होतात आणि कुणी बोलून दाखवत नाही.

आता पंगतीचं. एका वेळी २०० पानं धरा. बसून उठेपर्यंत ४० मिनिटं, पुसून परत पानं मांडायला १० मिनिटं. हजार माणसांना पाच पंगती, म्हणजे किमान चार तास. सहाला सुरुवात केली तर दहा वाजतात. म्हणून साडेपाचला पहिली पंगत बसवा. ज्यांना लांब परत जायचंय, म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या, ती सगळी पहिल्या पंगतीत.

तुम्ही दोघांनी वाढणं नक्की जमेल. दोघं दोन टोकांनी निघा. वाट्याला शंभर पानं येतात. प्रत्येक पानाजवळ दहा सेकंद थांबलात तरी सतरा मिनिटं. मात्र जमिनीवरची पंगत नको, टेबलांची ठेवा. पाच पंगती वाकून वाढायचं म्हणजे तिसऱ्या पंगतीला कंबर जाईल. हातात फक्त गोडाचं हलकं भांडं असू द्या, भरून द्यायला मागं भाऊ किंवा चुलतभाऊ. भाजी-आमटी वाढप्यांकडंच राहू द्या, तुम्ही मध्ये आलात की त्यांची लय मोडते.

ताटं-वाट्यांबद्दल कुणी प्लॅस्टिक किंवा थर्माकोल सुचवलं तर ऐकू नका, राज्यात २०१८ पासून बंदी आहे. पत्रावळी सांगून ठेवा, त्या ऐन वेळी एवढ्या मिळत नाहीत.

मिरजेच्या_काकू

अगं, बासुंदीचा हट्ट आईला सोडायला सांग. एप्रिलच्या शेवटी सांगली-मिरजेला पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि तुमचं जेवण चार तास चालणार. दुधाचं एवढं काही रानात थंड ठेवणं सोपं नाही. जिलेबी कर. पाचही पंगतींना गरम तळून घालता येते, कढईपाशी मुलं गोळा होतात आणि तुला वाढायलाही सोपी. जोडीला मठ्ठा. आल्या आल्या पन्हं द्या, कैऱ्या तेव्हा भरपूर असतात. त्यात घालायचं पाणी आणि बर्फ मात्र पिण्याच्या पाण्याचाच आहे ना, हे आचाऱ्याला विचारून घे.

वांग्याचंही तसंच. कृष्णाकाठची वांगी हिवाळ्यात खावीत, एप्रिलमध्ये ती चव नसते आणि बिया धरतात. त्यापेक्षा अळूची पातळ भाजी, मटकीची उसळ, मसालेभात, कैरीचं लोणचं. भात शंभर पानांना सगळा मिळून दहा किलो तांदळाच्या हिशेबानं सांग, पोळ्या-पुऱ्या असतील तर त्याहून थोडा कमी चालतो. आचाऱ्याशी बोलताना किती माणसं एवढंच नको, किती पंगती तेही सांग, कारण शेवटच्या पंगतीला भात ताजा उतरला पाहिजे.

बेदाणा आणि हळद द्यायची कल्पना मला फार आवडली. सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. पिशवीवर तुमच्या दोघांच्या नावांऐवजी तुमच्या रानाचं नाव घाल, लोक ती पिशवी जपून ठेवतील.

जुना_सांगलीकर

माझं मत थोडं वेगळं आहे. स्टेज पूर्ण काढू नका. आमच्या वयाची माणसं आल्या आल्या नवरा-नवरी कुठं आहेत ते शोधतात, अक्षता टाकायला, आशीर्वाद द्यायला. ती गर्दीत भांबावतात. स्टेजऐवजी जमिनीच्या पातळीवर एक सजवलेली जागा करा, दोन पाट, मागं मोगऱ्याच्या माळा, आणि पहिल्या पंगतीच्या आधी अर्धा तास तिथं बसा. पायऱ्या नसल्या की म्हातारी माणसं सहज जवळ येतात. फोटोग्राफरला सांगा, पुढचे फोटो पंगतीतले. मला स्वतःला तेच फोटो बघायला आवडतात.

मान्यवरांचं असं करा. तुमच्या आप्पांनी पत्रिका द्यायला जाताना तोंडीच सांगावं, "साहेब, या वेळी भाषणं ठेवली नाहीत, पोरांची इच्छा आहे. तुम्ही पंगतीला आमच्याबरोबर बसा." समोरासमोर सांगितलं की कुणी वाईट मानत नाही. ऐन वेळी माईक नाकारला तर मात्र मनात राहतं. बाहेर थोरल्या काकांनी उभं राहून हात जोडून आत आणावं, तेवढा मान पुरतो. फेटे बांधायचेच असतील तर सगळ्या वाढप्यांना आणि आचाऱ्यांना बांधा. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो, हे साउंडवाल्यालाही सांगून ठेवा.

आहेराबद्दल: छापू नका. तुम्ही म्हणताय तशी वही प्रत्येक घरात आहे. तुमच्या आप्पांनी दिलेलं परत करायची ज्यांच्या मनात इच्छा आहे, त्यांचा हात आडवा करणं बरं दिसत नाही. भेटवस्तूंचं ओझं नको असेल तर नात्यातल्यांना तोंडी सांगा.

नोंदणी_विषयी

कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. विधी करून लग्न होत असेल तर नंतर नोंदणी करा, राज्याच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणं ९० दिवसांच्या आत. गावात लग्न झालं तर ग्रामपंचायतीत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडं (पूर्वीचे ग्रामसेवक) होते, तीन साक्षीदार लागतात. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली करायचं मनात असेल तर ३० दिवस आधी नोटीस लागते, आणि जिथं नोटीस द्यायची त्या जिल्ह्यात दोघांपैकी एकजण तरी आधी किमान ३० दिवस राहत असावा लागतो. तुम्ही दोघं पुण्यात आहात, तेव्हा हे आत्ताच बघा.

तासगावची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, रान काळंच आहे. मुरमाचं आप्पांना लगेच सांगितलं, त्यांना पटलं. नोंदणी आम्ही विधीनंतर गावातच करू.

काकू, आई बासुंदीवरून जिलेबीवर आली, पण सकाळच्या दीडशे माणसांना घरी बासुंदी हवीच म्हणाली. तेवढी बर्फात ठेवता येईल, नाही का?

काका, जमिनीवरच्या पाटांची कल्पना आम्हा दोघांनाही आवडली. आहेराचं तुमचं म्हणणं मी आप्पांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "हेच मला म्हणायचं होतं." छापणार नाही. माझा विचार वेगळा होता, पण ही देवाणघेवाण त्यांची आहे, माझी नाही, हे मला मान्य आहे.

अजून एक अडलंय. आत्याला आमच्यासाठी नवीन मंगलाष्टक लिहायचं आहे. ती कविता चांगली करते, पण चालीत बसत नाही म्हणते.

मिरजेच्या_काकू

सकाळची बासुंदी चालेल, दुपारच्या आत संपव.

मंगलाष्टकाचं वृत्त शार्दूलविक्रीडित. ओळीत १९ अक्षरं, बाराव्या अक्षरावर थांबायचं. गण, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट, म स ज स त त आणि शेवटी एक गुरू; खाली गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघू अक्षर. आत्याला सांग, आधी शब्द शोधू नको, "गागागा ललगा लगाल ललगा गागाल गागाल गा" असं पाच-सहा वेळा मोठ्यानं म्हण, मग शब्द आपोआप त्या मापाचे सुचतात. सुरुवातीला ही ओळ घे:

कृष्णेच्या तटि या प्रसन्न जमले सारे सगेसोयरे

पुढच्या दोन ओळींत दोन्ही घरांची आणि रानाची नावं गुंफायची. चौथीचा शेवट "कुर्यात् सदा मंगलम्" हा तयारच असतो, त्याची सात अक्षरं बरोबर बसतात, म्हणजे तिथं तिला बाराच लिहायची आहेत. आडनाव बसत नसेल तर ओढूताणून बसवू नका, आई-वडिलांची नावं घाला. आणि लिहून झालं की इथं टाक, मात्रा मी तपासून देते.