मदत हवी आहे: ब्लॅकबेरी सर्व्हर व्हर्च्युअल मशीनवर नेल्यापासून मेल अडकत आहेत

रखडलेला: आमच्या कार्यालयाचा ब्लॅकबेरी एंटरप्राइझ सर्व्हर (कार्यालयाच्या मेल ब्लॅकबेरी फोनवर पोहोचवणारा) मागच्या आठवड्यात व्हर्च्युअल मशीनवर (व्हीएम, म्हणजे मोठ्या यंत्रावर सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) हलवला आणि तेव्हापासून फोनवर मेल धड येत नाहीत. आवृत्ती ४.१ आहे, मेल एक्सचेंज २००३ या मेल सर्व्हरवर आहेत आणि खाली व्हीएम चालवणारे व्हीएमवेअर ईएसएक्स आहे. बराच वेळ काहीच येत नाही आणि मग एकदम तीस-चाळीस मेल येऊन आदळतात. सर्व्हर दोनदा रीस्टार्ट करून झाला. वरिष्ठांचे फोन सुरू झाले आहेत, तेव्हा कृपया थेट उपाय सांगावा.

शंकासुर: 'हलवला' म्हणजे नेमके काय केले? जुन्या यंत्राची जशीच्या तशी प्रत काढली, की नव्या व्हीएमवर ताजे इन्स्टॉल केले? डेटाबेस कुठे आहे, स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपलेली स्थिती) घेऊन ठेवला आहे का, आणि फोनवरून पाठवलेल्या मेल जातात का? यातले काहीच न लिहिता थेट उपाय मागितला, तर आम्ही अंदाजच बांधत बसणार.

जुनी खोड: सेंड अ‍ॅज परवानगी तपासा. सर्व्हरच्या सेवा ज्या खात्याने चालतात, त्या खात्याला प्रत्येक वापरकर्त्याच्या नावाने मेल पाठवण्याची परवानगी लागते, आणि वापरकर्ता डोमेन अ‍ॅडमिन या व्यवस्थापकांच्या गटात असेल तर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (खाती आणि परवानग्या सांभाळणारी यंत्रणा) ती परवानगी दर तासाला पुसून टाकते. आमच्याकडे एकट्या साहेबांच्याच मेल जात नव्हत्या. चार दिवस शोधाशोध केल्यावर त्याचे कारण हेच निघाले.

रखडलेला: ताजे इन्स्टॉल केले आहे. डेटाबेस वेगळ्या एसक्यूएल सर्व्हरवर होता, तो तसाच नव्या यंत्राला जोडला. इन्स्टॉल करण्यापूर्वीचा एक स्नॅपशॉट आहे. पाठवलेली मेल कधी लगेच जाते, तर कधी तिच्यापुढचे घड्याळाचे चिन्ह तासभर हलत नाही. खाते तेच जुने आहे, त्यामुळे परवानगीचा प्रश्न वाटत नाही.

लोखंडी पेटी: असले काम व्हीएमवर टाकूच नये. मेलचा सर्व्हर स्वतंत्र यंत्रावरच हवा, हे मी आमच्याकडेही सांगून थकलो आहे.

शंकासुर: हा सर्व्हर मेल साठवत नाही, तो एक्सचेंज आणि फोन यांच्यामधला निरोप्या आहे आणि त्याचा बराचसा वेळ वाट पाहण्यातच जातो. व्हीएम एवढे सहज पेलते. स्नॅपशॉट मात्र काढून टाका, कारण तो असेपर्यंत प्रत्येक बदल वेगळ्या फाइलमध्ये लिहिला जातो आणि ती फाइल फुगत जाते. तरीही तासभराच्या खोळंब्याचे खापर मी त्यावर फोडणार नाही.

सरळमार्ग: एक्सचेंज २००३ ला सर्व्हिस पॅक २ लावला की अ‍ॅक्टिव्हसिंकची डायरेक्ट पुश सोय मिळते, म्हणजे एक्सचेंजवर आलेली मेल लगेच थेट फोनवर. ४४३ पोर्ट उघडा, दुसरे फोन घ्या आणि मधला सर्व्हरच काढून टाका.

रखडलेला: फोन बदलणे माझ्या हातात नाही.

रात्रपाळी: सर्व्हरच्या डिस्पॅचर या सेवेच्या लॉगमध्ये एसआरपी जोडणी (सर्व्हर आणि ब्लॅकबेरी कंपनीचे जाळे यांच्यामधली) तुटल्याच्या नोंदी आहेत का? असतील तर त्यांच्या वेळा द्या.

रखडलेला: आहेत. सकाळी ९.४० पासून दर काही मिनिटांनी जोडणी तुटते आणि पुन्हा जुळते. संध्याकाळी ६.१५ नंतर एकही नोंद नाही. रात्री सगळे सुरळीत असते, हे लिहायचे राहून गेले. या जोडणीला लागणारा ३१०१ पोर्ट फायरवॉलवर बाहेरच्या दिशेने उघडा आहे.

रात्रपाळी: फायरवॉल काही सव्वासहाला घरी जात नाही. जुने यंत्र कुठे आहे?

रखडलेला: ते बंद आहे.

रात्रपाळी: मी म्हणतो आहे, तुम्ही स्वतः जाऊन पाहा.

रखडलेला: पाहून आलो. मजल्यावरच्या प्रिंटरची रांग त्याच यंत्रावर आहे, म्हणून लेखा विभागातले एक जण सकाळी आल्यावर ते चालू करतात आणि जाताना आठवणीने बंद करतात.

रात्रपाळी: मग दुखणे सापडले. ब्लॅकबेरीच्या सेवा तिथे अजून ऑटोमॅटिकवर असणार, त्यामुळे यंत्र सुरू होताच तेही त्याच एसआरपी क्रमांकाने (सर्व्हरचा ओळख क्रमांक) जोडणी मागते. एका क्रमांकावर एका वेळी एकच सर्व्हर जोडलेला राहू शकतो, म्हणून दोघे दिवसभर एकमेकांना ढकलत बसतात. आधी जुन्या यंत्रावरच्या सगळ्या ब्लॅकबेरी सेवा थांबवून डिसेबल करा, नंतर सॉफ्टवेअरच काढून टाका. हे आजच करा, कारण अशी झटापट वारंवार झाली तर तो क्रमांकच गोठवला जातो आणि मग कंपनीच्या मदत कक्षाकडून तो सुरू करून घेतल्याशिवाय काहीच हलत नाही.

रखडलेला: ३.१० ला सेवा डिसेबल केल्या. माझ्या फोनवरच्या अडकलेल्या मेलपुढे घड्याळ जाऊन बरोबरची खूण आली आणि त्यानंतर जोडणी तुटलेली नाही. मनापासून आभार. स्नॅपशॉट आताच काढला तर चालेल का?

जुनी खोड: सेंड अ‍ॅज एकदा पाहून घ्याच.

शंकासुर: आता नको. ती फुगलेली फाइल मूळ डिस्कमध्ये मिसळताना व्हीएम मंदावते, म्हणून सगळे घरी गेल्यावर काढा. आणि प्रिंटरची रांग उद्याच दुसरीकडे हलवा, नाहीतर ते यंत्र कोणी तुम्हाला पुसून कोरे करू देणार नाही.